‘मी तसं म्हटलंच नव्हतं!’

दिवाळीला माहेरी आलेली नणंद जेवता जेवता म्हणते, “वहिनी, आज पोळ्या मऊ झाल्यात हं!” वाक्य संपायला दोन सेकंदही लागत नाहीत. वहिनी हसते, आणखी एक पोळी वाढते. रात्री ओटा आवरताना मात्र भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येतो. “काय झालं?” “काही नाही.” मग जरा वेळानं, “आज मऊ झाल्यात म्हणजे काय? एरवी काय वातड असतात?” नवरा म्हणतो, “अगं, कौतुकच केलं ना तिनं!” “तुला नाही कळायचं.” भाऊबीज पार पडते, फराळाचा डबाही भरून दिला जातो, पण पुढच्या गणपतीपर्यंत दोघींचं फोनवरचं बोलणं ‘सगळे बरे ना?’ याच्या पुढे सरकत नाही.

असं एखादं वाक्य जवळपास प्रत्येक घरात जपून ठेवलेलं असतं. कुणी ‘तब्येत सुधारली हं’ म्हणालेलं असतं, कुणी ‘तुमचं बरं आहे बाबा, दोघांचे पगार’, तर कुणी नवीन घर बघायला येऊन ‘हवेशीर आहे’ एवढंच बोलून गप्प बसलेलं असतं. मग आपण निवाडा करायला बसतो, बोलणारी खवचट की ऐकणारी हळवी? हा प्रश्न फार घाईनं विचारला जातो, असं मला वाटतं. वाक्यात जी गोष्ट नव्हतीच, ती ऐकणारीला इतकी लख्ख ऐकू आली कशी, हे आधी बघायला हवं. ते बघायला लागलं की भांडण बाजूला राहतं आणि दोन कानांच्या मधे चालणाऱ्या कारभारानं माणूस थक्क होतो.

पहिलं आश्चर्य वेळेचं आहे. नेदरलँड्समधल्या नायमेखन इथल्या माक्स प्लांक संस्थेत तान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगाच्या निरनिराळ्या भागांतल्या १० भाषांमधल्या खऱ्याखुऱ्या गप्पा तपासल्या आणि २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हो किंवा नाही असं उत्तर येणारा प्रश्न संपल्यापासून ते उत्तर सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, हे त्यांनी मोजलं. जपानी माणसं सगळ्यांत झटपट निघाली, डॅनिश सगळ्यांत सावकाश. पण सगळ्यांची मिळून सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास होती, म्हणजे सुमारे २०० मिलिसेकंद. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. एखादं चित्र दाखवून ‘हे काय?’ असं विचारलं, तर एक साधा शब्द सुचून ओठांवर यायला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. शब्दाला ६०० लागतात आणि उत्तर मात्र २०० मध्ये येतं. हा हिशेब जुळायचा एकच मार्ग आहे. समोरच्याचं वाक्य चालू असतानाच ते कुठे संपणार याचा अंदाज बांधून आपण उत्तराची तयारी सुरू केलेली असते.

म्हणजे ऐकणं हे मुळातच अर्धं ओळखणं आहे. कान वाक्याची वाट बघत बसत नाही, तो वाक्याच्या पुढे पळतो. आणि पुढे काय येणार हे ओळखायला त्याच्याजवळ काय असतं? बोलणारीबद्दल आजवर जमा झालेला अनुभव. त्यामुळे नणंद ‘आज’ म्हणते तेव्हा वहिनीच्या कानावर तो एकटा शब्द पडत नाही. गेल्या दहा वर्षांतल्या दिवाळ्या त्याच्यासोबत येतात.

वाक्य संपलं की दुसरं काम सुरू होतं, आणि हे काम काय असतं ते पॉल ग्राईस या ब्रिटिश तत्त्वज्ञानं फार सुरेख उलगडून दाखवलं. १९६७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत त्यानं एक साधी गोष्ट मांडली. बोलणारा माणूस गरजेपुरतं आणि मुद्द्याला धरून बोलतो, असं आपण न सांगता गृहीत धरतो. मग वाक्यात काही जास्तीचं किंवा काही कमी दिसलं, तर त्यामागे कारण असणारच असं धरून आपण ते शोधतो. ‘पोळ्या मऊ झाल्यात’ एवढ्यावर कौतुक पूर्ण होत होतं. ‘आज’ कशाला घातलं? ज्या अर्थी घातलं, त्या अर्थी आजचा दिवस वेगळा असणार, आणि वेगळा म्हणजे एरवीसारखा नसणार. हा सगळा युक्तिवाद पोळी वाढता वाढता पार पडतो आणि तो आपण केला हे आपल्यालाही कळत नाही. हाती उरतो तो निष्कर्ष, आणि तो आपण स्वतः काढलेला आहे असं वाटत नाही. कानांनी ऐकलेलाच वाटतो.

अशा न बोललेल्या अर्थाचा एक गुण ग्राईसनं सांगितला. तो अर्थ मागे घेता येतो. ‘आज पोळ्या मऊ झाल्यात, कालच्याही छानच होत्या’ असं म्हटलं की टोचणी नाहीशी होते आणि वाक्य खोटंही पडत नाही. घरगुती राजकारणाचा सगळा डोलारा या गुणावर उभा आहे. टोमणा मारणारीला पकडलं तर ती म्हणते, “मी तर कौतुक केलं!” आणि जिनं खरोखरच कौतुक केलं होतं, तिला पकडलं तर तीही म्हणते, “मी तर कौतुक केलं!” दोघींचा जबाब अक्षरशः सारखा. शब्दांवरून चोर आणि साव ओळखायची सोय भाषेनं ठेवलेलीच नाही.

ग्राईसच्या कितीतरी आधी, नवव्या शतकात, काश्मीरच्या आनंदवर्धनानं ‘ध्वन्यालोक’ लिहून न बोललेल्या अर्थाला शास्त्रात मानाची जागा दिली होती. अकराव्या शतकातला मम्मट, तोही काश्मीरचाच, ‘काव्यप्रकाशा’त एक उदाहरण देतो. ते वाचून आजही हसू फुटतं. वाक्य एवढंच की, सूर्य मावळला. राजाच्या कानी पडलं तर अर्थ होतो, शत्रूवर चाल करायची वेळ झाली. मजुरांनी ऐकलं तर, काम थांबवा. गुराख्यानं ऐकलं तर, गुरं घरी वळवा. दुकानदारानं ऐकलं तर, माल आवरा. ब्राह्मणाला ते संध्येची आठवण करून देतं, प्रेयसीला प्रियकराकडे निघायची, आणि विरहिणीला ‘आजही तो आला नाही’ असं सांगतं. सूर्य तोच आणि मावळणंही तेच. मम्मट तेवढ्यावर थांबत नाही. असा अर्थ कशाकशानं बदलतो त्याची तो यादीच देतो. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आवाजाची ढब कशी, प्रसंग कुठला, जागा कुठली, वेळ कुठली. आणि त्या यादीत एक फार चतुर नोंद आहे, ‘अन्यसन्निधी’, म्हणजे तिसऱ्या माणसाचं जवळपास असणं.

त्यासाठी त्यानं घेतलेलं उदाहरण एका प्राकृत गाथेचं आहे आणि ते थेट सासू-सुनेच्या घरातलं निघतं! एक सून शेजारणीजवळ तक्रार करते की, निर्दय सासू दिवसभर कामाला जुंपते. विसावा मिळालाच तर संध्याकाळी घटकाभर. शेजारणीला वाटतं, बिचारी दुःख सांगतेय. पण जवळच उभ्या असलेल्या एका तिऱ्हाईताला कळतं की भेटायची वेळ संध्याकाळची आहे. सासूच्या नावानं केलेली कुरकूर ही प्रत्यक्षात प्रियकराला दिलेली चिठ्ठी असते. शब्द एकीला आणि अर्थ दुसऱ्याला. हे वाचताना मराठी माणसाच्या ओठांवर ‘लेकी बोले सुने लागे’ आल्याशिवाय राहत नाही. मम्मटाच्या सुनेनं वापरलेली युक्ती आपल्याकडच्या सासूनं उलट्या दिशेनं वापरली, एवढाच फरक.

आणि ही म्हण हसून सोडून देण्यासारखी नाही. जिथे सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, अशा घरांमध्ये पिढ्यान् पिढ्या बरंचसं महत्त्वाचं बोलणं आडूनच होत आलं. मुलाला दटावून जावेला सुनवायचं, मांजराला हाकलून पाहुण्याला सुचवायचं. ज्या बायकांना समोर बोलता येत नव्हतं त्या पहाटे जात्याशी बोलल्या. ग्रामीण महाराष्ट्रातून हेमा राईरकर, गी प्वातवाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. भोंडल्याच्या गाण्यांत तर सासू, सासरा, नणंद, दीर यांची रांगच लागते आणि खेळाच्या नावाखाली सगळ्यांचा समाचार घेतला जातो. अशा घरांत तयार झालेला कान न बोललेलं ऐकण्यात तरबेज असणारच. म्हणून ‘फारच मनाला लावून घेते ही’ हा शेरा मला उथळ वाटतो. जिथे अर्ध्याहून अधिक बोलणं आडून चालतं, तिथे आडवा अर्थ न शोधणारी सून वेडी ठरली असती. गडबड होते ती बोलणारीनं एखाद्या दिवशी खरोखरच सरळ बोललं, तर.

आता सगळ्यांत उलटा वाटणारा भाग. आपल्या माणसाला आपलं बोलणं बरोबर कळतं अशी आपली खात्री असते. परका चुकेल, घरचा कसा चुकेल? केनेथ साविट्स्की, बोअझ कीसर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हीच खात्री तपासली. २४ जोडप्यांना पाठीला पाठ लावून बसवलं आणि रोजच्या बोलण्यातली दुहेरी अर्थाची वाक्यं दिली. बोलणाऱ्याच्या मनातला अर्थ ऐकणाऱ्यानं ओळखायचा, कधी जोडीदारानं, कधी अनोळखी माणसानं. बोलणाऱ्यांना खात्री होती की नवरा किंवा बायको परक्यापेक्षा नीट ओळखेल. प्रत्यक्षात दोघांच्या अचूकपणात फरक निघाला नाही. वर्षानुवर्षं एका घरात राहून खात्री तेवढी वाढली होती, समजणं तिथेच होतं. साविट्स्की यांनी दिलेलं उदाहरण गमतीचं आहे. बायको म्हणते, ‘इथे उकडतंय’, तिला एसी वाढवायचा असतो, आणि नवऱ्याला वाटतं की आज स्वारी लाडात आली आहे.

याचं कारण उघड आहे, पण पचायला कठीण. परक्याशी बोलताना आपण सावध असतो, फोड करून सांगतो, समजलं का ते बघतो. जवळच्या माणसाशी बोलताना ही सगळी मेहनत सोडून देतो, कारण ‘तिला माहीत आहे मी कशी आहे ते’. आपल्या मनातलं समोरच्याला किती कमी दिसतं, हे १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एलिझाबेथ न्यूटन यांनी एका खेळातून दाखवलं. एकानं प्रसिद्ध गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, दुसऱ्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी गाणी तरी ओळखली जातील. १२० गाण्यांपैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं सुरांसकट चालू असतं. ऐकणाऱ्यापर्यंत फक्त टकटक पोचते. नणंदेच्या मनात माहेरचं प्रेम होतं, दिवाळीची सुट्टी होती, भूक होती. वहिनीपर्यंत त्यातलं काय पोचलं?

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर डोळ्यांतलं हसू आणि आवाजातली माया हे दोन्ही साक्षीदार गैरहजर असतात. जस्टिन क्रुगर आणि एप्ली यांच्या २००५ च्या प्रयोगांत ईमेलनं पाठवलेलं वाक्य उपरोधाचं की गंभीर, हे वाचणाऱ्यांना पाठवणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा बरंच कमी वेळा ओळखता आलं. आत्यानं टाकलेला एकटा ‘👍’ हा होकार आहे की तुटकपणा, यावर ज्या घरात खल झाला नाही ते घर भाग्याचं.

जवळीक इतकी धोक्याची असेल तर माणसानं त्यावर काही तोडगा काढला असेल का? काढला, आणि तो चकित करणारा आहे. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला क्वीन्सलँडच्या वर्षावनात जिर्बल भाषा बोलणारे लोक राहतात. भाषाशास्त्रज्ञ आर. एम. डब्ल्यू. डिक्सन १९६३ पासून त्यांच्यात जाऊन ती शिकले. जिर्बल लोकांजवळ बोलण्याच्या दोन तऱ्हा होत्या. एक रोजची, गुवल. दुसरी जालंगुय, जी सासू-जावयासारखी ठरावीक नात्यातली व्यक्ती ऐकण्याच्या टप्प्यात असली की वापरायचीच! उच्चार आणि व्याकरण तेच, पण जवळजवळ सगळे शब्द निराळे. तिची शब्दसंपत्ती मुद्दाम तोकडी होती. गुवलमध्ये वेगवेगळ्या सरड्या-पालींना वेगवेगळी नावं, तर जालंगुयमध्ये सगळ्यांना मिळून एकच. १९३० च्या सुमारास ही रीत मागे पडत गेली. अशा मोघम भाषेत टोमणा मारणं किती अवघड गेलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. खोच लागायला शब्द नेमका लागतो.

दुसरा तोडगा उलट्या टोकाचा आहे. मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी १९४० मध्ये ‘थट्टेच्या नात्यां’वर लिहिलं. काही नात्यांत एकानं चिडवायचं आणि दुसऱ्यानं ते मनावर घ्यायचंच नाही, असा अलिखित करार असतो. आपल्याकडे मेहुणी भावोजींचे जोडे लपवते, दीर-भावजय एकमेकांची टर उडवतात, लग्नाच्या पंगतीत विहिणींना गाण्यांतून चिमटे बसतात. हेच शब्द सासऱ्यांनी सुनेला ऐकवले तर पाहुणे जेवण अर्धं टाकून उठतील. नणंद-भावजय हे नातं गमतीनं या दोन टोकांच्या मधोमध लटकलेलं आहे. थट्टा चालते, पण किती चालते हे कुणी ठरवून दिलेलं नाही. म्हणून ठिणग्या तिथेच जास्त उडतात, असं माझं मत.

घरातलं पूर्वीचं वातावरण तर सगळ्यालाच रंग चढवतं. एलिझाबेथ रॉबिन्सन आणि गेल प्राइस यांनी १९८० मध्ये जोडप्यांच्या घरी निरीक्षक बसवले आणि एकमेकांशी केलेल्या चांगल्या वागण्याची नोंद निरीक्षकांनी आणि जोडप्यांनी वेगवेगळी केली. दुःखी जोडप्यांच्या वहीत, निरीक्षकांना दिसलेल्या चांगल्या गोष्टींपैकी जवळपास निम्म्या उतरल्याच नव्हत्या. चहाचा कप समोर ठेवला गेला होता, तिऱ्हाइतानं तो पाहिला होता, पण ज्याच्यासाठी ठेवला त्याला दिसलाच नाही.

मग येतो दुसरा दिवस आणि त्याच्यासोबत तो अजरामर वाद, ‘तू असंच म्हणालीस’ आणि ‘मी तसं म्हटलंच नव्हतं’. दोघींपैकी एक खोटं बोलतेय असं वाटतं. १९६७ मध्ये जॅकलिन सॅक्स यांनी लोकांना छोटे उतारे ऐकवले आणि मधेच थांबवून विचारलं, मघाचं वाक्य हेच होतं का? अर्थ बदललेला असला तर लोक लगेच पकडत. पण अर्थ तोच ठेवून शब्दांची रचना बदलली, तर जेमतेम अर्ध्या मिनिटानंतर त्यांना ते ओळखता येईना. मेंदू वाक्यातून अर्थ काढून घेतो आणि शब्द फेकून देतो. वहिनीनं काढून घेतलेला अर्थ होता ‘एरवीच्या वातड’. दुसऱ्या दिवशी ती शपथेवर सांगेल की नणंद तसंच म्हणाली, आणि ती खोटं बोलत नसेल.

याचं सगळ्यांत भव्य उदाहरण महाभारतात आहे. दुर्योधन मयसभेत जमीन समजून पाण्यात पडला आणि द्रौपदी म्हणाली, आंधळ्याचा मुलगा आंधळाच. हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं आणि युद्धाचं खापरही आपण त्या एका वाक्यावर फोडतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनं शेकडो हस्तलिखितं ताडून १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती उघडा. सभापर्वात ते वाक्य द्रौपदीच्या तोंडी नाही. निवेदक सांगतो की दुर्योधन पडला तेव्हा सेवक हसले, भीम, अर्जुन, नकुल, सहदेव हसले. द्रौपदीचा उल्लेखही नाही. पुढे दुर्योधन हस्तिनापुरात बापाला हकिगत सांगतो तेव्हा हसणाऱ्यांची संख्या वाढलेली असते. आता कृष्णही अर्जुनाबरोबर हसला, द्रौपदीही बायकांसह हसली, आणि त्याच्या मनाला फार लागलं. शिवाय भीमानं आपल्याला धृतराष्ट्राचा मुलगा म्हणून हाक मारत, हसत, दार इकडे आहे असं सांगितलं, हेही तो सांगतो. खरी कमाल तर पुढेच आहे. निवेदकानं आधीच सांगून ठेवलेलं असतं की कृष्ण द्वारकेला निघून गेला होता आणि सभेत दुर्योधन-शकुनीच मागे राहिले होते.

यातल्या विसंगतीचं कारण ग्रंथाच्या निरनिराळ्या थरांत शोधता येईल, किंवा दुर्योधनानं बापाला पेटवायला मुद्दाम तिखटमीठ लावलं असंही म्हणता येईल. मला मात्र व्यासांना माणूस फार आतून कळला होता असंच वाटतं. दुखावलेल्या माणसाच्या आठवणीत हसणारे वाढत जातात, अगदी गावात नसलेलेही. आणि धृतराष्ट्राचा मुलगा ही तर राजपुत्राची साधी ओळख. ती आंधळेपणाची टोचणी होऊन कानात शिरली. पुढे लोकांनी तीच टोचणी द्रौपदीच्या तोंडी घातली आणि शतकानुशतकं तिला त्या न बोललेल्या वाक्याची शिक्षा दिली.

शेवटी उरतो अबोला. तो इतका का झोंबतो? किप्लिंग विल्यम्स हे मानसशास्त्रज्ञ एकदा बागेत कुत्र्यासोबत बसले असताना दोन अनोळखी माणसांची फ्रिस्बी त्यांच्याकडे आली. त्यांनी ती परत फेकली, त्या दोघांनी पुन्हा यांच्याकडे टाकली, थोडा वेळ खेळ रंगला. मग त्या दोघांनी यांच्याकडे टाकणं थांबवलं. अनोळखी माणसांनी वगळल्याचं आपल्याला इतकं लागावं, याचंच त्यांना नवल वाटलं आणि त्यातून संगणकावरचा चेंडू-झेलीचा एक प्रयोग जन्मला. २००३ मध्ये नेओमी आयझेनबर्गर, मॅथ्यू लीबरमन आणि विल्यम्स यांनी तो खेळ मेंदूचं चित्रण चालू असताना खेळवला. वगळल्या गेलेल्यांच्या मेंदूत, शारीरिक वेदनेच्या त्रासाशी जोडला जाणारा एक भाग जास्त सक्रिय झालेला दिसला. त्या सक्रियतेचा नेमका अर्थ काय यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत. पण पुढच्या एका प्रयोगात तर लोकांना आधीच सांगितलं होतं की तुम्हाला चेंडू न देणारा संगणक आहे, माणूस नाही. तरी त्यांना लागलंच. यंत्रानं वगळलेलंही लागतं, तर नणंदेनं फोन न केल्याचं लागणारच.

मग सोडवायचं कसं? ‘तिच्या जागी स्वतःला ठेवून बघ’ हा सल्ला घरोघरी मिळतो. ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि एप्ली यांनी २०१८ मध्ये हाच सल्ला २५ प्रयोगांत पारखला. समोरच्याच्या भावना, आवडीनिवडी, मतं ओळखायची, आणि त्यासाठी त्याच्या जागी उभं राहून विचार करायचा. नवरा-बायकोही त्यात होते. या कल्पनेनं अंदाज अधिक अचूक झाले नाहीत. आपण स्वतःला दुसऱ्याच्या जागी ठेवतो तेव्हा तिथेही आपणच जाऊन उभे राहतो, त्याला कोण काय करणार! अचूकपणा वाढला तो सरळ समोरच्यालाच विचारलं तेव्हा. तुमच्या घरात असा एखादा अबोला चालू असेल, तर ‘तू असं का म्हणालीस?’ असं विचारू नका, कारण तिचे नेमके शब्द आता दोघींपैकी कुणालाच आठवत नसणार. ‘तुला काय म्हणायचं होतं?’ एवढंच विचारा, आणि तिनं सांगितलेलं खरं माना.